रिकामी म्हणून रंगवलेली जागा: एका कोळीवाड्याच्या खळ्याचं प्रकरण

जुलै २०१५मध्ये आम्ही पाच जण मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कोळीवाड्यात जमिनीच्या वापराचा नकाशा करायला गेलो. कोळीवाड्याचं नाव मुद्दाम देत नाही. कारण पुढे येईल. हातात सिटी सर्व्हेच्या नकाशाची झेरॉक्स, रंगीत पेन्सिली आणि एक मोजायची टेप. पाऊस धरून होता. छत्री सांभाळत आम्ही गल्लीगल्लीतून घरं, दुकानं, देऊळ, क्रूस, बर्फाची वखार, होड्या ओढून ठेवायची जागा भरत गेलो. घरांच्या शेवटच्या रांगेपलीकडे, खाडीच्या अंगाला, एक मोठा सपाट तुकडा लागला. पाणी साचलेलं, कडेने गवत, एका कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली बांबूंचा ढीग. माणूस एकही नाही. आमच्यातल्या एकाने विचारलं, इथे काय लिहू? मी म्हटलं, लिही, 'रिकामी जागा'.

ती जागा म्हणजे कोळीवाड्याचं खळं, मासळी सुकवायची सामाईक जागा होती. ते दोन शब्द खोडायला वर्ष गेलं. ते कसं गेलं आणि त्यातून काय हाती आलं, ते जमेल तितकं तपशिलात मांडते.

वेळ कोणती होती

मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४चा, दुसरा १९८१ ते २००१ या काळासाठीचा आणि तिसरा २०१४ ते २०३४साठीचा. या तिसऱ्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या चुकांवर शहरभर गदारोळ झाला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो दुरुस्त करून नव्याने आणायला सांगितलं. सुधारित मसुदा मे २०१६मध्ये आला. त्यावर ८४ हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. महापालिकेच्या सभागृहाने जुलै २०१७मध्ये आणि राज्य सरकारने मे २०१८मध्ये मान्यता दिली, आणि १ सप्टेंबर २०१८पासून तो लागू झाला. आमचं काम पहिला मसुदा मागे पडल्यानंतरच्या मधल्या काळातलं. दुरुस्ती चालू असताना कोळीवाड्याने आपला नकाशा आपण तयार ठेवावा, अशी तिथल्या मच्छीमार सोसायटीची इच्छा होती. आम्ही नगररचना शिकलेले लोक, मदतीला गेलो होतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम २५प्रमाणे आराखडा करण्याआधी जमिनीचा सध्याचा वापर पाहून त्याचा नकाशा करावा लागतो. लोकांचं लक्ष सहसा त्यानंतरच्या टप्प्याकडे असतं: मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. पण खरा निकाल सध्याच्या वापराच्या नकाशात लागलेला असतो. तिथे जी जागा वापरातली म्हणून नोंदली गेली, तिला हात लावायचा तर कारण द्यावं लागतं. जी रिकामी म्हणून नोंदली गेली, तिच्यासाठी कुणालाच कारण द्यावं लागत नाही. मैदानं, बागा, पार्किंग या सगळ्यांचीच टंचाई असलेल्या शहरात रिकामा तुकडा दिसला की त्यावर काहीतरी येणारच, आणि तेही चांगल्या हेतूने.

कोळीवाड्यांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या २०११च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद होती. १९८१च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या संबंधित दप्तरात नोंदलेल्या मच्छीमार वसाहतींचे नकाशे करून त्या किनारा नियमन क्षेत्र ३ म्हणून जाहीर करायच्या होत्या, म्हणजे तिथल्या घरांची बांधणी आणि पुनर्बांधणी स्थानिक नगररचना नियमांप्रमाणे करता येईल. तेव्हा 'कोळीवाडा म्हणजे कुठून कुठपर्यंत' हा प्रश्न पोटापाण्याचाही होता आणि घराच्या छपराचाही. आराखड्याच्या पत्रकावर, म्हणजे त्या भागाच्या नकाशावर, आमच्या कोळीवाड्याची रेष घरांच्या शेवटच्या रांगेशी थांबत होती. ती काढणाऱ्याला मी दोष देत नाही. आम्हीही तीच काढली होती.

भोकं

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही नकाशे सोसायटीच्या कचेरीत भिंतीला लावले आणि लोकांना बघायला बोलावलं. संध्याकाळी पुरुष येऊन गेले. त्यांनी होड्यांच्या जागा, जेट्टी, डिझेलचा पंप, आत येण्याची वाट, सगळं नीट तपासलं, दोन चुका काढल्या, चहा झाला. खळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून परतलेल्या दोघी जणी पाट्या उतरवून आत आल्या. त्यातली वयाने मोठी बाई नकाशाजवळ जाऊन बराच वेळ उभी राहिली. मग त्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे रिकामं कोन म्हनलं, बाय?"

मी म्हटलं, मावशी, मीच.

ती रागावली नाही. "चल," म्हणाली. तिच्या मागून मी खळ्यावर गेले. पाणी ओसरलं होतं, जमीन अजून ओली होती. तिने पायाने माती बाजूला केली. खाली एक गोल भोक, मनगट जाईल एवढं, आतून दगडाच्या कपच्या बसवलेलं. चार पावलांवर दुसरं. मग तिसरं. ओळच्या ओळ. दरवर्षी पावसाळा सरला की याच भोकांत बांबू उभे राहतात, त्यांना आडव्या दोऱ्या बांधल्या जातात, आणि त्या वलांड्यांवर बोंबील सुकतात. पाऊस आला की बांबू उपटून ताडपत्रीखाली. भोकं तिथेच राहतात. "आजेसासूच्या टायमाची हायेत ही," ती म्हणाली.

घरी येऊन मी जुलैचे फोटो उघडले. भोकं त्यात होती. गोल डबकी, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. पाण्याची डबकी अशी रांगेत आपोआप साचत नाहीत. एवढं कळायला नगररचनेची पदवी लागत नाही. मी ते फोटो स्वतः काढले होते, आणि फोटोंच्या यादीत त्यांच्यासमोर लिहिलं होतं, 'पाणी तुंबलेली जागा'. उपग्रहाच्या चित्रांचंही तेच झालं होतं. मुंबईची स्वच्छ चित्रं मिळतात ती बहुतेक बिनढगांच्या महिन्यांतली, म्हणजे नेमकी मासळी सुकवण्याच्या मोसमातली. त्यात त्या तुकड्यावर एक करडा-गुलाबी पट्टा दिसत होता. आम्ही तो वाळू समजलो. तो जमिनीवर पसरलेला जवळा होता.

या प्रकरणात पुढे जे काही बरं झालं ते त्या भोकांपासून सुरू झालं, म्हणून त्यांच्यावर इतकं लिहिलं.

वार नको, तिथी

आमची पहिली चूक वेळेची होती. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. आम्ही नेमके त्याच दिवसांत गेलो, कारण तेव्हा आम्हाला सवड होती. कोळीवाडा तेव्हा जाळी तुणत, होड्या दुरुस्त करत घरात बसलेला असतो. जमीन वर्षभर एकाच वापरात असते असं आपण गृहीत धरतो, कारण आपली घरं आणि कचेऱ्या तशा असतात. खळं तसं नाही. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत ते कारखाना असतं, हळदी-लग्नांच्या दिवसांत एक कोपरा मांडवाला जातो, संध्याकाळी दोन तास पोरांचं क्रिकेट असतं, आणि पावसात ते निजलेलं असतं. एका तारखेला जाऊन केलेला नकाशा यातला एकच चेहरा धरतो.

दुसऱ्या फेरीत आम्ही भेटी तिथीप्रमाणे ठरवल्या. डोलीची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते: डोल जाळं खुंटांना बांधून प्रवाहात धरलेलं असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, ओढ जोरात, म्हणजे माणसं समुद्रावर. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ मंद, म्हणजे माणसं घरी. भरतीची वेळ काढायचा आडाखा किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती. आम्ही आधी दर शनिवारी जायचो आणि दर दुसऱ्या शनिवारी 'लोक सहकार्य करत नाहीत' असा शेरा लिहायचो. पुरुषांशी बसायचं तर भांगाच्या दिवसांत, खळं बघायचं तर उधाणानंतरच्या सकाळी, एवढं कॅलेंडर बदलल्यावर तो शेरा पुन्हा लिहायची वेळ आली नाही.

बायकांचं कॅलेंडर आणखी वेगळं. पहाटे ससून डॉक किंवा भाऊचा धक्का, मग बाजार, दुपारी दीड-दोनला घर, जेवण, आणि मग खळ्यावर मासळी उलटायला. आम्ही बैठका ठेवायचो संध्याकाळी सातला, तेव्हा त्यांच्या घरी चूल पेटलेली असायची. सोसायटीच्या रजिस्टरात नावं होड्यांच्या मालकांची, म्हणजे बहुतेक पुरुषांची. 'संबंधित घटक' म्हणून आम्ही त्याच रजिस्टरातून यादी केली होती. होडी पुरुषाची, खळं बाईचं. रजिस्टर होडीचं, म्हणून खळं यादीतून गळलं. आदल्या संध्याकाळी नकाशा तपासून गेलेल्या नाखवांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने मासा धक्क्याला लागला की त्यांचं काम संपत होतं. पुढचं बायकांचं.

जानेवारीत मी एक पूर्ण सकाळ खळ्यावर बसले. बोंबील धुऊन येतात, दोघी समोरासमोर बसतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. हात इतके भराभर चालतात की मोजता येत नाही. दोरीवर टाकताना माशाचं पोट वाऱ्याकडे असावं लागतं. चांगलं ऊन आणि वारा असेल तर दोन-तीन दिवसांत बोंबील कडक होतो; वारा पडला तर तो आंबूस होतो आणि भाव निम्म्यावर येतो. मी वहीत क्षेत्रफळ लिहून घेत होते. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "ताई, जागा मोजताव, पन वारा कोन मोजनार?" हे वाक्य तेव्हा मी फक्त टिपून ठेवलं.

हा माल जातो कुठे, तेही आम्ही शोधलं. काही मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात, काही ठाणे, पालघर, रायगडातल्या आठवडी बाजारांत. मे महिन्यात घरोघरी पावसाळ्याची बेगमी होते, सुकट, बोंबील, बांगडा डब्यात भरून ठेवला जातो. त्यामुळे खळ्याचा तुकडा एका वॉर्डाचा प्रश्न उरत नाही. मुंबई महानगर प्रदेशाची प्रादेशिक योजना २०१६ ते २०३६ या काळासाठी त्याच सुमारास तयार होत होती. प्रादेशिक पातळीवर लोहमार्ग, रस्ते, औद्योगिक पट्टे यांची आखणी होते. एका खळ्यातून चार जिल्ह्यांच्या स्वयंपाकघरांत जाणारा माल त्या पातळीवर दिसत नाही, आणि वॉर्डाच्या पातळीवर तो फार पसरलेला वाटतो. दोन पातळ्यांच्या मधल्या फटीत अशा जागा हरवतात. प्रमाणाचाही प्रश्न आहेच. किनारा व्यवस्थापनाचे स्थानिक नकाशे १:४,००० प्रमाणात असतात, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ४० मीटर. वलांड्यांच्या दोन ओळींमधली वाट त्यात पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते.

काय काढायचं नाही

आता त्या वर्षातल्या सगळ्यात अवघड भागाकडे येते. खळं एकच दिसतं, पण आत पट्टे आहेत. कोणता पट्टा कोणत्या घराचा, हे सगळ्यांना माहीत असतं. काही नोंद गावकीच्या, म्हणजे गावाच्या पंचमंडळींच्या, जुन्या वहीत आहे, बाकीची तोंडी. आम्हाला तो खजिना वाटला. प्रत्येक पट्टा मोजून, घराचं नाव घालून नकाशा केला तर वापराचा यापेक्षा सज्जड पुरावा कोणता? मोठ्या उत्साहाने आम्ही तसा कच्चा नकाशा केलाही.

तो बैठकीत लावला आणि वातावरण बदललं. एका पंचाने शांतपणे विचारलं, हा कागद उद्या बाहेर गेला तर? आज कोणाला खळं विकत घ्यायचं असेल तर अख्ख्या गावकीशी बोलावं लागतं. पट्ट्यावर नाव पडलं की एकेकाच्या दारात जाता येतं. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याची होडी कर्जात आहे, तो आधी सही करील. मग शेजारचा. पाच-सहा पट्टे गेले की वलांड्यांची ओळ तुटते आणि उरलेल्यांना सुकवता येत नाही.

तरुणांमधले काही जण याच्या उलट बोलले, आणि त्यांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं. घरात सात माणसं, एक खोली, वर माळा चढवला तर नोटीस. मासेमारीत आपण राहणार नाही, मग खळ्यावर इमारत झाली तर काय बिघडलं? एकाने सरळ सांगितलं, झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली तरी चालेल, घर तरी मिळेल. त्यावर मोठ्या माणसांचा आवाज चढला. कोळीवाड्याला झोपडपट्टी म्हणणं ही तिथे शिवी आहे. शहराच्या आधीपासून वसलेल्या गावाला अतिक्रमण ठरवणारा तो शब्द आहे. पण त्या मुलाचा प्रश्न शिवी म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता. कोळीवाडा एकमुखाने बोलतो असं अहवालात लिहिणं सोपं असतं. ते खरं नसतं, आणि पुढे कोणीतरी ती फट शोधून काढतोच.

तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं ते असं: खळं एकच, सामाईक, आतल्या रेघांशिवाय दाखवायचं. पट्ट्यांची नोंद गावकीच्या वहीत राहील आणि वही गावकीकडे राहील. आमच्याकडचा कच्चा नकाशा आम्ही तिथेच फाडला आणि संगणकावरची फाइल त्यांच्यासमोर पुसली. घरांच्या मजल्यांची नोंदही गाळली, कारण वाढीव बांधकामांची यादी आमच्या हाताने कोणाला मिळायला नको होती. घरवाढीचा प्रश्न मात्र वेगळ्या कागदावर, वेगळी मागणी म्हणून लिहिला, आणि तो लिहायला त्याच मुलाला बसवलं.

संशोधक म्हणून मला फाइल पुसणं जड गेलं. आज मी तेच करीन, फक्त आधी विचारून: हे काढू का? कागदावर आणल्यावर विचारणं म्हणजे अर्धा धोका तयार केल्यावर विचारणं. कोळीवाड्याचं नाव इथे न लिहिण्यामागेही हेच कारण आहे.

हरकत

सुधारित मसुद्यावर ८४ हजार हरकती, म्हणजे सुनावणीत एकेकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं. नगररचना अधिनियमाच्या कलम २८प्रमाणे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यांच्यासमोर ऐंशी पानांचा अहवाल ठेवून उपयोग नव्हता. आम्ही हरकत एका पानाची केली. वर एकच वाक्य: घरांच्या उत्तरेकडची जमीन मासळी सुकवण्याचं सामाईक खळं असून ती कोळीवाड्याच्या हद्दीत धरावी. खाली नकाशा, आणि त्याखाली दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे जुलैचा, डबक्यांचा. उजवीकडे जानेवारीचा, बोंबलांनी भरलेल्या वलांड्यांचा. दोन्ही फोटोंत विजेचा एकच खांब, त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला तोच नंबर. मागे मिठाच्या आणि बांबूच्या काही वर्षांच्या पावत्या जोडल्या. त्या एका घरात पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलेल्या निघाल्या.

बोलायला मावशीच गेली. आम्ही बाहेर बसलो. आत काय झालं ते तिने सांगितलं तसं लिहिते: समोरच्या एकाने डावा फोटो बघून विचारलं की ही जागा तर ओसाड आहे. तिने त्या खांबाच्या नंबरावर बोट ठेवलं आणि मग उजव्या फोटोतल्या खांबावर. "पावसात कोन मासळी सुकवतं, साहेब?" एवढंच ती बोलली. खांबाचा नंबर नसता तर दोन फोटो दोन ठिकाणचे आहेत अशी शंका घेता आली असती, आणि ती गैर ठरली नसती.

अंतिम पत्रकावर खळ्याचा मोठा भाग हद्दीत आला. खाडीकडची चिंचोळी पट्टी बाहेर राहिली. ती उधाणाच्या भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून तिच्यावर जमिनीचा नियम लावायचा की पाण्याचा, हा वाद आहे. त्या पट्टीवर जाळी वाळत घालतात. तिथली भांडणं अजून चालू आहेत.

वरळीकडे बघताना

हेच समुद्रात झालं तर किती महाग पडतं, ते वरळीत सगळ्यांनी पाहिलं. किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर आधी ६० मीटर ठरलं होतं. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढायची तीच वाट आहे, आणि वारा व ओढ असताना त्या फटीतून होडी सुरक्षित निघणार नाही. त्यांनी २०० मीटर मागितले. काम अडलं, आंदोलनं झाली, वाटाघाटी झाल्या आणि शेवटी अंतर १२० मीटर करण्याचं मान्य झालं. त्यासाठी पुलाची रचना बदलावी लागली आणि २०२४च्या एप्रिल-मेमध्ये सुमारे २,००० आणि २,५०० टनांच्या दोन धनुष्याकृती तुळया समुद्रातून आणून बसवाव्या लागल्या.

तिथल्या पाण्यात खडक कुठे, ओढ कोणत्या बाजूला नेते, उधाणात होडी किती सरकते, हे वरळीच्या नाखवांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. समुद्र हाही त्यांचा रस्ताच, पण त्याची नोंद जमिनीच्या नकाशावर नाही. हे विचारून घेण्याची वेळ खांब कुठे येणार हे ठरण्याआधीची होती. आमच्या खळ्याला बांबूची भोकं होती, म्हणून फोटोत तरी धरता आली. पाण्यावरच्या वाटेला भोकंही नसतात. ती माणसांच्या डोक्यात असते, आणि म्हणूनच माणसांना आधी बसवायला हवं.

वारा

'वारा कोन मोजनार?' हे खळ्यावरच्या त्या मुलीचं वाक्य मात्र वहीतून निघालं नाही. खळं पत्रकावर आलं, पण पत्रकावर जमीन येते, वारा येत नाही. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून असतो, दुपारनंतर समुद्राकडून, आणि बोंबील खरा वाळतो तो दुपारच्या वाऱ्यावर. खळ्याच्या पश्चिमेला कोळीवाड्याच्या हद्दीबाहेर जुन्या चाळी आहेत. तिथे आज ना उद्या पुनर्विकास होणार, आणि चाळीतल्या लोकांना मोठं घर मिळायलाच हवं. पण तिथे उंच इमारत उभी राहिली तर दुपारी दोननंतर वलांड्यांवर सावली पडेल आणि वारा अडेल. मग खळं कागदावर राहील आणि बोंबील आंबेल.

म्हणून आता वारा मोजायला घेतला आहे. खळ्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच उंच बांबू, प्रत्येकाच्या टोकाला लाल कापडाची फीत. दहावीतल्या दोन मुली सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाचला फीत कोणत्या दिशेला आणि किती ताठ उडते ते लिहितात: लोंबती, हलती, आडवी. सावली कुठपर्यंत आली ते चुन्याने आखतात. त्यातली एक त्याच मावशीची नात आहे. चाळींच्या सोसायटीलाही आम्ही पहिल्याच महिन्यात जाऊन भेटलो आणि नोंदी दाखवल्या. इमारतीचा नकाशा अजून ठरायचा आहे, त्यामुळे जिने आणि मोकळी जागा कोणत्या बाजूला ठेवायची यावर बोलणं होऊ शकतं. त्यांच्यातले एक काका दर रविवारी खळ्यावरून बोंबील नेतात. पुढच्या बैठकीला त्यांनी आपल्या वास्तुरचनाकाराला घेऊन यायचं कबूल केलं आहे. बैठक अष्टमीला, दुपारी तीन वाजता, खळ्यावरच ठेवली आहे.